शीतगृहाची जुनी फरशी काय सांगते



आंब्याच्या पेट्या शीतगृहात ठेवायला नेल्या की आपण काय बघतो? यंत्र चालू आहे ना, दार घट्ट लागतं ना, आणि भाडं किती पडणार. पायाखालच्या फरशीकडे कोणी बघत नाही. पण खोली थंड राहते की नाही, विजेचं बिल वाढतं की आटोक्यात राहतं, हे पुष्कळदा त्या फरशीखाली ठरत असतं. म्हणून आज आपण शीतगृहाच्या जमिनीचा इतिहास बघणार आहोत. जुनी जमीन काढायची वेळ आली तर ती कशी काढावी, हेही त्या इतिहासातूनच कळेल.

एका खोलीच्या तीन जमिनी

मालवणच्या किनाऱ्याला एक जुनी थंड खोली आहे. नाव सांगण्याचं कारण नाही, कारण अशा खोल्या देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत बऱ्याच सापडतील. खोली आधी मासळीसाठी बांधलेली. पुढे मासळीचं काम बंद पडलं, यंत्रही काही काळ बंद राहिलं. मग आंबा बागायतदारांच्या एका संस्थेनं ती चालवायला घेतली. फरशीला तडे गेले होते, मधला भाग पोकळ वाजत होता, आणि आंब्याचा हंगाम तोंडावर आला होता. संस्थेचा विचार असा, की आहे त्या जमिनीवरच कोबा घालावा, वर लाद्या बसवाव्या, आठ दिवसांत काम उरकावं. सभासदांनी वर्गणी काढली होती, पैसे मोजकेच होते.

काम सांगायला ज्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं, त्यानं हातातल्या पहारीनं जमीन ठोकून पाहिली आणि म्हणाला, "अण्णा, वरसून आणखी एक थर मारूक माका काय जाता? माजी मजुरी होतली. पण खाली काय हा, ता कोणी बघल्यान?"

त्याच्या या प्रश्नावर कमिटीत बराच वाद झाला. "हंगाम गेला तर काय करायचं?" हा एका बाजूचा सवाल. "पैसे पाण्यात गेले तर काय करायचं?" हा दुसऱ्या बाजूचा. शेवटी ठरलं, की सगळी जमीन न उखडता दोनच ठिकाणी हातभर खड्डे घ्यावेत. एक भिंतीकडेला, एक खोलीच्या बरोबर मध्ये.

त्या दोन खड्ड्यांत खोलीचा सगळा इतिहास सापडला. जमीन एक नव्हती, एकावर एक तीन होत्या. पहिली, म्हणजे मूळची, बांधकामाच्या वेळची. तिच्यावरचा दुसरा थर भिंतीकडेला वीतभर जाड आणि मध्ये जेमतेम बोटभर. त्याच्यावर तिसरा, तो बरोबर उलटा : कडेला पातळ आणि मध्ये जाड. असं का व्हावं? एकाच खोलीत एक गवंडी कडेला सिमेंट ओततो, दुसरा मध्ये ओततो, याचा अर्थ काय?

अर्थ म्हाताऱ्यालाच ठाऊक होता. दुसरा थर त्यानंच तरुणपणी घातला होता. "तेव्हा मधी उंचवटो इल्लो. माशाची गाडी सोडली काय आपोआप दाराकडे जाय." म्हणजे मासळीच्या दिवसांत जमीन मध्ये वर उचलली गेली होती. ती सपाट करायला कडेला जास्त सिमेंट घातलं. पुढे यंत्र बंद पडलं आणि उचललेली जमीन हळूहळू खाली बसली. आता मध्ये खड्डा झाला. तो भरायला तिसरा थर. दोन्ही वेळा वरचं काम चोख केलं. पण जमीन वर का आली आणि खाली का गेली, हे मात्र दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही.

जमीन वर का येते?

आपल्याकडे हिमवर्षाव होत नाही. मग जमीन गोठणार कशी, असं तुम्ही म्हणाल. पण मासळी साठवायच्या खोलीत उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तपमान ठेवतात. असं यंत्र वर्षानुवर्षं रात्रंदिवस चाललं, आणि जमिनीतला उष्णतारोधक थर कमकुवत असला, तर गारवा इंचाइंचानं खाली उतरतो. एक दिवस खालची माती शून्य अंशाच्या खाली जाते. मातीतल्या पाण्याचा बर्फ होतो. पाण्याचा बर्फ झाला की त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतून आणखी पाणी वर ओढून घेतो, जशी दिव्याची वात तेल ओढते. बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात आणि त्यांच्या रेट्यानं वरचं काँक्रीटसुद्धा उचललं जातं. भिंतीकडेला बाहेरच्या जमिनीची ऊब पोचते, म्हणून उंचवटा बहुधा मध्ये येतो.

यंत्र बंद झालं की हा बर्फ विरघळतो, माती चिखलासारखी मऊ होते आणि जमीन खाली बसते. आपल्या खोलीत नेमकं हेच घडलं होतं.

इथं एक फरक लक्षात ठेवा. हापूस आंब्याला एवढी थंडी चालत नाही. साधारण १२ ते १३ अंशांच्या खाली त्याला थंडीची इजा होते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. तेव्हा नुसत्या आंब्याच्या खोलीखाली माती गोठायचा प्रश्नच नाही. तिथं शत्रू एकच : ओल.

बोस्टनचा बर्फ आणि लाकडाचा भुसा

गारवा कोंडून ठेवायची विद्या तशी जुनी आहे. यंत्र येण्याआधी बर्फ जहाजातून येत असे. अमेरिकेत बोस्टन शहरी फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी होता. थंडीत गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ करवतून तो दूरदेशी पाठवी. १८३३ च्या मे महिन्यात 'टस्कनी' जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं आणि सप्टेंबरात कलकत्त्याला पोचलं. चार महिन्यांच्या प्रवासात विषुववृत्त दोनदा ओलांडूनही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढच्याच वर्षी, १८३४ साली, असा बर्फ मुंबईला आला. मग मुंबई आणि मद्रास इथंही बर्फघरं उभी राहिली. मद्रासचं बर्फघर आजही विवेकानंद हाऊस या नावानं उभं आहे.

एवढा बर्फ टिकला तो लाकडाच्या भुशामुळं. भुशात हवा अडकून राहते आणि अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. आपली आंब्याची आढी याच तत्त्वावर चालते. पेंढ्यात अडकलेली हवा आढीची ऊब धरून ठेवते. तोच पेंढा बर्फाभोवती घातला तर बाहेरची ऊब आत येऊ देणार नाही. तत्त्व एक, उपयोग दोन.

पण बर्फवाल्यांना अनुभवानं आणखी एक गोष्ट कळली होती. विरघळलेलं पाणी खाली साचू द्यायचं नाही, ताबडतोब बाहेर काढायचं. भुसा भिजला की त्यातली हवा जाते, तिथं पाणी बसतं, आणि मग तो भुसा असून नसल्यासारखा. चांगल्या बर्फघराला म्हणूनच तळाशी निचऱ्याची वाट ठेवलेली असे.

बूच, तूस आणि थर्मोकोल

१८७० नंतरच्या दशकात जर्मनीत कार्ल लिंडे यांनी अमोनिया वायूवर चालणारं थंडीचं यंत्र व्यवहारात आणलं. १८८२ साली 'डुनेडिन' जहाजानं न्यूझीलंडचं गोठवलेलं मांस लंडनला पोचवलं आणि थंड साठवणीचा व्यापार जगभर सुरू झाला. भारतातलं पहिलं शीतगृह १८९२ साली कलकत्त्यात निघाल्याची नोंद आहे.

यंत्र आलं तरी भुशाचं काम कोणाला तरी करावंच लागणार होतं. त्या जागी पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओक झाडाच्या सालीचे, म्हणजे बुचाचे तक्ते आले. हे तक्ते डांबरात बसवत. वजन पेलतात, म्हणून जमिनीलाही चालत. पण ते परदेशातून येणार, महाग पडणार. आपल्या देशात भाताचा तूस भरपूर, म्हणून अनेक जुन्या शीतगृहांच्या भिंतींत आणि माळ्यावर तूस भरलेला असे. १९५० च्या सुमारास जर्मनीत फुगवलेलं पॉलिस्टायरीन निघालं. त्यालाच आपण थर्मोकोल म्हणतो. हलकं, स्वस्त, करवतीनं कापता येणारं. नंतर पॉलियुरेथेनचा फेस, म्हणजे पफ, आला.

वस्तू बदलत गेल्या, पण नियम तोच राहिला. थर कोरडा असेल तर रोधक, ओला झाला तर नुसतं ओझं. हिशेबच बघा. थर्मोकोलमधून जेवढी उष्णता जाते, तिच्या १५ ते २० पट उष्णता पाण्यातून जाते, आणि पाण्याचा बर्फ झाला तर सुमारे ६० पट.

आपल्या किनाऱ्याची गोष्ट

आपल्याकडे मासळी टिकवायची ती मिठानं आणि उन्हानं. शिरोड्याची मिठागरं तर १९३० च्या सत्याग्रहामुळं देशभर गाजली. ताजी मासळी लांब धाडायची तर बर्फ हवा. १९५३ साली केरळात कोल्लमजवळ नॉर्वेच्या मदतीनं यांत्रिक होड्या, बर्फ आणि शीतकरण असा प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर हळूहळू सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौका वाढल्या, त्यांच्या मागोमाग बर्फाचे कारखाने आणि थंड खोल्या आल्या. रापणवाले आणि ट्रॉलरवाले यांचे तंटे वाढले, तेव्हा महाराष्ट्रानं १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला.

शीतगृहांसाठी केंद्र सरकारचा १९६४ चा हुकूम होता, तो १९८० साली नव्यानं काढला आणि १९९७ साली रद्द झाला. परवान्याची कटकट गेली, पण बांधकाम नीट आहे की नाही हे बघण्याची जबाबदारीही मालकावर आली. पुढे २०१० साली राष्ट्रीय फलोत्पादन मंडळानं शीतगृहांची तांत्रिक मानकं प्रसिद्ध केली. त्याआधीच्या पुष्कळ खोल्या ज्याच्या त्याच्या अंदाजानं बांधलेल्या आहेत.

आणि आपली जागा अवघड. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, हवा बारमाही दमट, भरण घातलं ते जांभ्याचं, आणि जांभा दगड पाणी पितो. दमट हवेतली वाफ उबेकडून गारव्याकडे जाते. म्हणून वाफ अडवणारा डांबराचा किंवा प्लास्टिकचा पडदा उबेच्या बाजूला, म्हणजे जमिनीत रोधक थराच्या खालून हवा. आपल्या खोलीत तो पडदा भिंतीच्या पडद्याला जोडलेलाच नव्हता. त्या फटीतून वर्षानुवर्षं ओल आत शिरत राहिली. काढलेला थर्मोकोल पिळला तर पाणी गळावं अशी गत झाली होती. म्हातारा म्हणाला ते खरं : "वरसून कितीय शिमीट घाल, खालचा पाणी खय जातला?"

सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं, तेव्हा पायाच्या दगडांत शिसं ओतलं असं सांगतात. समुद्रात बांधायचं तर आधी पायाची काळजी, हे आपल्या वाडवडिलांना माहीत होतं. आपण ते लाद्यांच्या नादात विसरलो.

जुनी जमीन काढायची कशी?

संस्थेनं अखेर तिन्ही थर काढायचे ठरवलं. त्या कामात जे शिकायला मिळालं ते असं :

१. वेळ. मासळीची खोली रिकामी असते ती १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, आणि नेमकं तेव्हाच जमिनीत पाणी सर्वांत वर असतं. ते दिवस जमीन उघडायला वाईट. आंब्याच्या खोलीला ही अडचण नाही. विहिरींचं पाणी उतरू लागलं की दिवाळीनंतर काम काढावं आणि फेब्रुवारीच्या आत संपवावं.

२. आधी खड्डा. एक मध्ये, एक कडेला. निघालेल्या थर्मोकोलचा तुकडा तोलून बघा. एक घनफूट कोरडा थर्मोकोल अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. वजन त्याच्या कित्येक पट निघालं तर तो थर मेला असं समजा. तुकडा कोरडा असेल तर सगळी जमीन काढायची गरजच नाही, वरची दुरुस्ती पुरेल.

३. वायू आणि वीज. पहार लावण्याआधी यंत्राच्या मेकॅनिकला बोलवा. खोलीतल्या नळ्यांतला वायू त्यानं काढून घ्यावा, झडपा बंद कराव्यात, विजेचा मेन स्विच काढावा. अमोनियाची नळी फुटली तर डोळे आणि फुप्फुसं जातात. वास आला की काम टाकून वाऱ्याच्या उलट दिशेला निघून जावं, नाकाला ओलं फडकं धरावं, डोळ्यांत गेला तर पंधरा मिनिटं पाण्यानं धूत राहून दवाखाना गाठावा. फ्रिऑनसारखा दुसरा वायू असेल तर तो हवेत सोडून देऊ नये, मेकॅनिककडून टाकीत भरून घ्यावा. दार सतत उघडं ठेवावं आणि एक माणूस बाहेर असावा.

४. घाई नको. शून्याखालची खोली एकदम तापवू नये. दारं-पंखे यांनी हळूहळू ऊब येऊ द्यावी. खाली माती गोठलेली असेल तर ती विरघळायला काही आठवडे, थर जाड असेल तर महिनेही लागतात. ती पुरी विरघळून, बसून, कोरडी झाल्याशिवाय नवी जमीन घालू नये. नाहीतर पुन्हा तोच खड्डा.

५. फोडणं. भिंतीकडेनं आधी चर काढून जमीन भिंतीपासून सोडवावी, मग मधून फोडत यावं, म्हणजे हादऱ्यानं भिंतीचा रोधक थर फाटत नाही. पाणी शिंपडून धूळ दाबावी, नाकाला रुमाल बांधावा. ओझ्याचा अंदाज आधी घ्यावा : १० फूट लांब, १० फूट रुंद आणि ४ इंच जाड काँक्रीट म्हणजे सुमारे सव्वादोन टन डबर.

६. थर्मोकोल जाळू नका. आपल्या मजुरांनी ढीग करून काडी लावायची तयारी केली होती, ती वेळीच थांबवली. त्याचा काळा धूर विषारी. जुन्या डांबराचंही तसंच. दोन्ही भरून ग्रामपंचायत किंवा नगरपालिका सांगेल तिथं टाकावं. समुद्रात किंवा वहाळात तर मुळीच नाही. तुकडे मासे खातात.

नवी जमीन घालताना

खाली दगडी सोलिंग आणि साधं काँक्रीट, त्यावर ओल अडवणारा पडदा, तो भिंतीच्या पडद्याला सलग जोडलेला. त्यावर रोधक तक्ते दोन थरांत, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ न देता. मग प्लास्टिकचा कागद, वर सळईचं काँक्रीट आणि दाराकडे उतार. थर्मोकोलवर कढतं डांबर ओतू नये, तो वितळतो. पेट्रोलसारख्या द्रावणातलं डांबरी प्रायमरही त्याला खाऊन टाकतं. खोली शून्याखाली चालवायची असेल तर थराखाली दोन्ही टोकांना उघडे हवेचे नळ किंवा तापत्या तारा हव्यात, म्हणजे माती गोठणार नाही. नळांना बाहेर उतार आणि तोंडाला जाळी असावी, नाहीतर पावसाचं पाणी आणि उंदीर दोन्ही आत जातील. जाडी किती, हे मात्र जाणत्या इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

हिशेब

आता खरं ते सांगायला हवं. संस्थेचं काम हंगामाआधी पुरं झालं नाही. पहिल्या तोडणीचा आंबा शीतगृहाविना, पडेल त्या भावानं विकावा लागला. काही सभासद नाराज झाले, सभेत चार शब्द बोलले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. ज्याच्या पेट्या गेल्या त्यालाच त्याचं दुःख. पण त्याच सभेत एका बागायतदार ताईंनी विचारलं, "दोनदा वरून लिंपलं, त्या पैशांचा हिशेब कोणी मांडलाय का?" तेव्हा कोणी बोललं नाही.

तर बंधू-भगिनींनो, तुमच्या संस्थेची खोली जुनी असेल, फरशीला तडे असतील, जमीन पोकळ वाजत असेल, किंवा विजेचं बिल कारण नसताना चढत असेल, तर लाद्यांचा भाव काढण्याआधी एक खड्डा घेऊन बघा. काम नवं झालं की एक वही घाला : कोणत्या सालात कोणता थर, किती जाड, काय सामान, कोणी घातला. आपल्या खोलीचा इतिहास एका म्हाताऱ्या गवंड्याच्या आठवणीत होता, म्हणून कळला. पुढच्या वेळी तो सांगायला असेलच असं नाही.